धोंडा हळू ठेवणारा लिंगय्या

"काँधे पे ले, लिंगय्या, काँधे पे," हुसेन वस्ताद ओरडत होते आणि त्यांच्या मागे अख्खी तालीम ओरडत होती. नागपंचमीचा दिवस. अंगणात पाय ठेवायला जागा नाही, भिंतीवर माणसं, लिंबाच्या झाडावर माणसं, आणि मधोमध आमच्या तालमीचा काळा गोल धोंडा छातीशी धरून उभा असलेला लिंगय्या. रिवाज असा, की त्या दिवशी ज्याच्यात दम असेल त्याने धोंडा खांद्यावर घ्यावा आणि मागच्या मागे टाकून द्यावा. आदळल्याचा आवाज जितका मोठा तितका मान मोठा. मी तर बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना सांगत असे, की एका साली धोंडा असा काही आदळला की तिकडे मंद्रूपच्या बाजारात तराजू हलले. तर लिंगय्याने धोंडा छातीपर्यंत आणला होता. खांद्याला वीतभर अंतर उरलं होतं. पन्नाशीला आलेला, शेळीएवढ्या अंगाचा विणकर, आणि फेटा-नारळ त्याच्यासाठी ताटात काढून ठेवलेले. आणि त्याने काय करावं? तो गुडघ्यांत वाकला, श्वास धरून हळूहळू खाली बसला, आणि झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तसा त्याने तो धोंडा जमिनीवर ठेवला. आवाज म्हणून झाला नाही. मग वस्तादांना हात जोडून, खुंटीवरची बंडी घेऊन तो निघून गेला. अंगण एकदम गप्प झालं. त्या शांततेत जो पहिला माणूस हसला, तो मी.

लिंगय्या गेला त्याला आज सात आठवडे झाले. तो हशा मला परत घ्यायचा आहे. तोंडी घेऊन पाहिला, जमला नाही. म्हणून छापून घेतो आहे.

मी कोण ते सांगायला हवं. मी नव्या पेठेतल्या एका कापडाच्या दुकानातला गुमास्ता. तीस वर्षं लुगडी उलगडून दाखवतो आहे, आणि लुगडं नऊ वार असेल तर त्याच्याबद्दल अठरा वार बोलतो आहे. हा किनारीचा रंग पाण्यात गेला तर पाण्याचा रंग बदलेल, लुगड्याचा नाही, असं मी शपथेवर सांगतो, आणि बायका हसतात आणि घेतात. लिंगय्या त्याच्या मागावरची लुगडी आमच्या दुकानात आणून देई. बोलायचा कमी. मी बोलायचो त्याच्या वाटचं. अशी आमची दोस्ती जमली ती पंचवीस वर्षं टिकली.

ह्या पंचवीस वर्षांत लिंगय्याने किती निश्चय केले आणि किती मोडले, ह्याच्या गोष्टी सांगून मी अर्धी पेठ हसवली आहे. एकदा त्याने माझ्यासमोर, भर दुकानात, शिंदी सोडली. मीच त्याला डिवचलं होतं, की तुझ्याच्यानं होणार नाही. दहा दिवस गडी ओठ शिवल्यासारखा वागला. अकराव्या दिवशी मी माल बघायला बाहेरगावी गेलो. परत आलो तर स्वारी शिंदीच्या दुकानातून बाहेर पडताना समोर. म्हणाला, "तुमी नव्हता की. मग कुणासाठी थांबायचं?" पुढे वैद्यांनी सांगितलं, की मागावरचा कापूस छातीत बसला आहे, रोज तळ्यापर्यंत चालत जा. ह्याने नवी काठी घेतली, उपरणं घेतलं, निघाला. गल्लीतली माणसं ओट्यावरून विचारायची, "काय लिंगय्या, तळ्याला?" हा म्हणायचा, "व्हय." महिन्याभराने लोकांना सवय झाली, कुणी विचारेना. त्याबरोबर ह्याचं चालणंही थांबलं. ती काठी मग मागाच्या कुठल्यातरी मोडक्या भागाला बांधलेली मी पाहिली. मिशी वाढवण्याचा निश्चय तर एका सणापासून दुसऱ्या सणापर्यंतही पोचला नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी एका सकाळी लिंगय्या लंगोट लावून तालमीत आला, तेव्हा मी रोजच्यासारखा तिथल्या कट्ट्यावर दुधाचा पेला हातात घेऊन बसलो होतो, तो पेला माझ्या हातून सांडला. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की आठ दिवस. शेरभर जिलबीची पैज लावली.

त्या सकाळच्या आदल्या दिवशी काय झालं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. सहा वर्षांनी कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो, कारण माझ्यासारखं तुम्ही हसू नये.

लिंगय्याची बायको बालव्वा. ती दारात उभी राहिली तर घरात दिवा लावावा लागे अशी उंच आणि भरदार बाई. ती हसली की तीन गल्ल्यांतले माग थांबतात असं मी म्हणत असे, आणि ह्यात मी फार वाढवून सांगत नसे. लिंगय्या तिच्या खांद्याला लागायचा. एके दिवशी ती चुलीपुढून उठायला गेली ती उठलीच नाही. लकवा. कमरेखालचं अंग गेलं ते गेलं. एवढं तेव्हाही सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. घर विणकराचं, पुढची सगळी खोली मागाने आणि विणताना पाय सोडायच्या मागाच्या खड्ड्याने अडवलेली. मागच्या खोलीला खिडकी नाही. त्या अंधारात ती महिनाभर पडून होती. लिंगय्याची विधवा बहीण राजव्वा रांधायची, धुवायची, पण ती बिचारी स्वतःच काडीएवढी. एका सकाळी बालव्वाने एवढंच विचारलं, "भाईर ऊन हाय का?" लिंगय्याने तिला उचललं. मागाच्या खड्ड्याला वळसा घालून उंबऱ्यापर्यंत नेलं, आणि उंबऱ्यावर तो तिच्यासकट पडला. तिचं कोपर फुटलं, ह्याचा ओठ फुटला. आणि ती हसली. त्याला बरं वाटावं म्हणून हसली... दुसऱ्या सकाळी तो तालमीत आला.

मी कट्ट्यावरून विचारलं, "काय लिंगय्या, हे काय नवीन?" म्हणाला, "अंग कमवायचंय." एवढं माझ्यासारख्याला पुष्कळ होतं. संध्याकाळपर्यंत मी पेठेत सांगून टाकलं, की मारुतीने लिंगय्याच्या स्वप्नात येऊन त्याला तालमीचा धोंडा उचलायला सांगितलं आहे, आणि मारुती लिंगय्याच्या घरच्या तेलुगूत बोलला. लोक खूश. आठ दिवस झाले, महिना झाला, पावसाळा झाला. लिंगय्या येतच राहिला. जिलबी मी दिली. मिलचा पहिला भोंगा व्हायच्या आत त्याच्या बैठका झालेल्या असत. त्याला कुणी बघत आहे की नाही ह्याचं भान नसे, आणि मला हेच मोठं कोडं होतं, कारण बघणारं कुणी नसलं की लिंगय्या थांबतो असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. कुस्ती धरायला तो कधी गेला नाही. पहिल्या साली वाळूचं पोतं, मग मोठं पोतं, मग धोंडा. जमिनीवरून उचलायचा, छातीशी धरायचा, चौदा पावलं चालायचं, आणि ठेवायचा. उचलण्यापेक्षा ठेवायला त्याला जास्त वेळ लागे. इतर पोरं धोंडा धाडकन टाकत आणि छाती काढून फिरत; हा कपाळाला घाम येईपर्यंत इंचाइंचाने खाली बसायचा. मी कट्ट्यावरून विचारायचो, "लिंगय्या, अंडं ठेवतोस का?" हुसेन वस्ताद मात्र हसत नसत. एकदा मला म्हणाले, "गुमास्ते, इसका हिसाब कुछ और है." मी ते कानावेगळं केलं. माझी गोष्ट तयार होती, तिला दुसरा शेवट नको होता.

असा तो नागपंचमीचा दिवस आला. वस्तादांनीच त्याला हाक मारली. सहा वर्षं मेहनत करतो आहे, आज मान घे, म्हणाले. वस्तादांचा शब्द मोडवेना म्हणून तो पुढे झाला. पुढचं सांगितलंच. रात्र पडायच्या आत माझी गोष्ट पेठेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. त्यात लिंगय्याचे पाय लटलट कापत होते, धोंड्याने त्याच्याकडे डोळे वटारले होते, आणि तो धोंड्याची माफी मागत होता. वाहवा झाली. पण आतून मी चिडलो होतो. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली त्या माणसाने वीतभर अंतरावरून मला तोंडघशी पाडलं, असं मला वाटत होतं. जसा काही तो धोंडा माझ्यासाठीच होता.

दुसऱ्या सकाळी मी त्याच्या घरी तावातावाने गेलो. गल्लीच्या तोंडापासूनच बोलायला सुरुवात केली होती. दारात पोचलो आणि थांबलो. आत, मागाच्या पलीकडे, लिंगय्या बालव्वाच्या अंथरुणाशी उकिडवा बसला होता. तिने उजवा हात त्याच्या मानेभोवती टाकला. तो उठला. एक शब्द नाही. भिंतीच्या कडेने, मागाच्या खड्ड्याला वळसा घालून, तो चालत आला. उंबऱ्यावर क्षणभर थांबला, पाय नीट टेकवला, ओलांडला. अंगणात पूर्वेकडच्या भिंतीशी चटई घातली होती, तिथे चौदाव्या पावलाला तो गुडघ्यांत वाकला आणि खाली बसत गेला, बसत गेला... तिला टेकवली तेव्हा तिच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत. ऊन बरोबर तिच्या तोंडावर आलं. तिने डोळे मिटले.

मी अवाक झालो. माझ्या ओळखीच्यांना हे खरं वाटणार नाही, पण झालो. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "धोंडा खांद्यावर का घेतला नाहीस?"

"घेतला असता की. येत हुता," तो म्हणाला. "मागं टाकताना पाठीत उसण भरली तर? वस्तादाच्या पुतण्याला भरली न्हाय का, तीन महिने पडून हुता. माझे तीन महिने कोण घेणार?"

"मग धोंडा उचलायचाच कशाला?"

"ठेवायला शिकायला." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उचलाया कुणालाबी येतंय, गुमास्ते. मी पाडलंय तिला."

बालव्वा मला अन्ना म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "अन्ना, त्यांना इचारा, जड कोण? धोंडा का मी?" लिंगय्या म्हणाला, "धोंडा बोलत न्हाय, म्हणून हलका." ती हसली. खरंच सांगतो, शेजारच्या घरातला माग थांबला.

त्या सकाळी मी तिथे बराच वेळ बसलो. बोलता बोलता कळलं, की त्याने शिंदी सोडून पाच वर्षं झाली होती. हात थरथरतो, म्हणून सोडली. तळ्याकडे चालणंही पुन्हा धरलं होतं, दम टिकावा म्हणून. ह्या वेळी काठी नाही, उपरणं नाही, मागच्या वाटेने. मला राग आला, की एवढी पंचवीस वर्षांची दोस्ती आणि मला सांगितलं नाहीस. त्याने चटईचं टोक सरळ केलं. मग म्हणाला, "तुमाला सांगितलं असतं तर ती गोष्ट तुमची झाली असती." त्याचे आधीचे सगळे निश्चय खरोखरच माझे होते. मला दाखवायचे, गल्लीला दाखवायचे, वैद्याला दाखवायचे. आम्ही पाठ फिरवली की त्यांच्यात जीव उरत नसे. हा एकच त्याचा होता. हा त्याने सहा वर्षं कुणाच्या दृष्टीला पडू दिला नाही. आणि त्याच्या पायी तो माणूस पंचविशीत नव्हता इतका पन्नाशीत ठणठणीत झाला होता, चेहऱ्यावर तेज होतं, रात्रीचा खोकला गेला होता. हे मी रोज कट्ट्यावरून बघत होतो, आणि मला दिसत नव्हतं.

मी त्याच दिवशी दुकानात येऊन खरी हकिकत सांगितली. लोक आधीपेक्षा जास्त हसले. एक जण म्हणाला, "गुमास्ते, कालचीच बरी होती. ही रडवी थाप तुम्हाला शोभत नाही." मी शपथ घेतली, आणि माझी शपथ ऐकून ते आणखीच हसले. तीस वर्षं मी ज्या तोंडाने लुगडी विकली त्या तोंडातून खरं बाहेर पडायची सोय राहिली नव्हती. गल्लीत लिंगय्याला 'अंडं ठेवणारा' म्हणू लागले. पाणी भरायला आलेल्या बायका बालव्वाला हसत हसत विचारायच्या, तुझ्या माणसाला धोंड्याने काय केलं? लिंगय्याला त्याचं काही नव्हतं. कुणी काही म्हटलं की तो मान हलवून पुढे जाई, जसं कुणी वेळ विचारावी आणि आपल्याजवळ घड्याळ नसावं. पण बालव्वा एकदा मला म्हणाली, "अन्ना, तुमी गोष्ट लई झ्याक सांगता." तिने राजव्वाला माझ्यासाठी चहा करायला लावला होता. तो मी कसा प्यालो ते माझं मला ठाऊक.

पौषात थंडी पडली. लिंगय्याला ताप आला. राजव्वाने मला मागाहून सांगितलं, की तिसऱ्या दिवशीही तो भिंतीला धरून उठला आणि बालव्वाला बाहेर घेऊन गेला. तिच्या हाताला त्याची मान तव्यासारखी लागत होती. ती म्हणाली, आज नको, एक दिवस ऊन न्हाय मिळालं तर काय मरतंय कोण. त्याने ऐकलं नाही. त्या दिवशीसुद्धा बांगड्या वाजल्या नाहीत, असं राजव्वा म्हणाली. चौथ्या दिवशी त्याला उभं राहवेना. पाचव्या दिवशी दुपारी, मी एका गिऱ्हाइकाला सांगत होतो की ही किनार विणणाऱ्याच्या बोटांना अत्तराचा वास येतो, तेव्हा लिंगय्याचा शेजारी यल्लय्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, ये, बस. तो म्हणाला, "लिंगय्या गेला." माझ्या हातात लुगडं अर्धं उलगडलेलं होतं. त्याची घडी कुणी केली मला आठवत नाही.

गेलो तेव्हा त्याला अंगणात आणून ठेवलं होतं. सगळी तालीम आली होती, गल्ली आली होती, चाळीस-पन्नास गडी सहज असतील, आणि मी वाढवून सांगत नाही. तयारी चालली होती. कुणीतरी विचारलं, बालव्वा कुठे आहे, तिला पुढे येऊ द्या. माणसं बाजूला झाली, वाट केली, आणि वाट मोकळीच राहिली. तेव्हा आतून, मागाच्या पलीकडच्या अंधारातून तिचा आवाज आला, "मला कुणी नेतंय का?"

आम्ही विसरलो होतो, डोळ्यांनी पाहिलेला मीसुद्धा. इतकी वर्षं गल्लीने तिला अंगणात उन्हात बसलेलीच पाहिली होती. ती तिथे कशी येते हे कुणाच्या डोक्यात नव्हतं... हुसेन वस्ताद उंबऱ्यापर्यंत गेले. ज्या माणसाने तो धोंडा सात वेळा मागे टाकला आहे तो माणूस उंबऱ्यावर उभा राहून स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. मला म्हणाले, "मेरे कू उठाना आता, गुमास्ते. रखना नहीं आता." शेवटी शेजारून एक खुर्ची आणली, राजव्वाने आणि दोघी बायकांनी तिला कशीबशी खुर्चीत घातली, चौघांनी खुर्ची धरली. उंबऱ्यावर खुर्ची कलंडली, तिचा हात चौकटीवर आपटला. चौघे चार बाजूंनी ओरडत होते. तिला लिंगय्याशेजारी टेकवलं तेव्हा खुर्ची धाडकन आदळली आणि तिच्या बांगड्या खळकन वाजल्या. तेव्हा ती रडली. त्याआधी नाही.

लेक अक्कलकोटकडे दिलेली, ती आईला न्यायला आली होती. बालव्वा गेली नाही. म्हणाली, मला हितलं ऊन ठाऊक हाय. मग लेक गेली, आणि त्यानंतरच्या सकाळी मी दुकानातली वेताची खुर्ची घेऊन तिच्या घरी गेलो. यल्लय्या बरोबर होता. राजव्वाने तिला धरून खुर्चीत बसवायची धडपड केली, जमलं नाही. मी हात पुढे केला आणि थांबलो. परक्या माणसाच्या बायकोला, आणि ती अशी नुकती विधवा झालेली, हात लावायचा कसा? गल्ली काय म्हणेल? बालव्वाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अन्ना म्हणते की मी तुमाला." मग उजवा हात वर केला.

आता मी रोज पहाटे तालमीत जातो. पोट सुटलेला, चोपन्न वर्षांचा गुमास्ता. पहिल्या दिवशी पाच बैठका झाल्या, सहावीला वस्तादांनी काखेत धरून उठवलं. वाळूचं सर्वांत लहान पोतं मला दिलं आहे. कट्ट्यावरची पोरं विचारतात, गुमास्ते, ह्या वयात हे काय? आयुष्यात पहिल्यांदा मला सांगावंसं वाटत नाही. अंग कमवायचंय, म्हणतो. मी ठेवताना पोतं आदळतं. वस्ताद काही न बोलता बोटाने दाखवतात, परत. त्यानंतर यल्लय्या आणि मी बालव्वाकडे जातो, तिला खुर्चीत घेतो, खुर्ची दोन बाजूंनी धरतो, खड्ड्याला वळसा घालतो, उंबरा ओलांडतो. पहिल्या आठवड्यात मी वाटभर बोलत होतो, तिला भीती वाटू नये म्हणून. मग लक्षात आलं, की बोलताना माझा श्वास सुटतो आणि खुर्ची हलते. आता बोलत नाही.

परवा खुर्ची भिंतीशी टेकवली, फारसा धक्का बसला नाही असं मला वाटलं. घाम पुसत मी तिला विचारलं, "वहिनी, लिंगय्यासारखं जमायला लागलं का?"

"न्हाय," ती म्हणाली. "ऊन मिळतंय पण."